जागा रिकामी नव्हती

"इंग्लंडने वेड्यांची इस्पितळं कधीच बंद करून टाकली. ताई, तू तर तिथेच राहतेस. आणि आम्ही ठाण्यात भर वस्तीतली सोन्यासारखी जमीन अडवून बसलोय!" मामेभावाने घरच्या ग्रुपवर हे लिहिलं, त्यावर भराभर अंगठे आले, आणि तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन मनोरुग्णालयाच्या जमिनीवर होतंय, जुन्या इमारतींच्या जागी नवं रुग्णालय बांधायचं ठरलंय. माझा त्याला विरोध नाही. लोकलच्या दारात लटकणाऱ्यांना स्टेशन हवंच. गळक्या छपराखाली आजारी माणसं ठेवून वारसा जपणंही मला मान्य नाही. पण दाखला इंग्लंडचा द्यायचा असेल तर पुरता द्या, कारण मी अशाच एका बंद केलेल्या इस्पितळाच्या जमिनीवर राहते.

मी राहते त्या लंडनजवळच्या एप्समला लंडन काउंटी कौन्सिलने एकाला लागून एक अशी पाच मनोरुग्णालयं उभारली. त्यातलं हॉर्टन १९०२चं, ठाण्याचं १९०१चं. एकाच साम्राज्याने एकाच सुमारास दोन्हीकडे एकच विचार केला: ही माणसं गावाबाहेर ठेवा, भिंत बांधा. नंतर गावं भिंतीपर्यंत पोचली आणि जमिनीला भाव आला. हॉर्टन १९९७ साली बंद झालं. आता तिथे आमची घरं आहेत, आणि जुन्या चॅपलचं २०२२पासून कलाकेंद्र झालंय. मला ते मनापासून आवडतं.

पण हॉर्टनची दफनभूमीही इथेच आहे. १८९९ ते १९५५ या काळात या पाच इस्पितळांतली सुमारे ९,००० माणसं तिथे पुरली गेली. १९८३ साली ती जमीन एका खासगी बिल्डरला विकली गेली. थडग्यांचे दगड गेले, काटेरी झुडपं माजली. नऊ हजार माणसं, आणि विकताना ती जमीनच! आज गावातले स्वयंसेवक जुने कागद धुंडाळून त्या माणसांची आयुष्यं एकेक करून लिहून काढताहेत. आधी विकायचं आणि मग शोधत बसायचं, हाही इंग्लंडचाच दाखला आहे. तो कोणी देत नाही.

लाँग ग्रोव्ह हे त्याच पाचांतलं. विषमज्वरातून बऱ्या झालेल्या, पण अंगात जंतू राहिलेल्या किमान ४३ स्त्रियांना १९०७ ते १९९२ या काळात तिथे वेगळं कोंडून ठेवलं होतं. दाखल होताना त्या वेड्या नव्हत्या. त्यातल्या काहींचं मन त्या कोंडवाड्यातच ढासळलं. प्रतिजैविकं आल्यानंतरही दारं उघडली नाहीत. हे जगाला कळलं ते इस्पितळ बंद पडल्यावर नोंदवह्या वाचल्या म्हणून. त्या रद्दीत गेल्या असत्या तर या बायका होत्या हेही कोणाला कळलं नसतं. इथे निदान ते कागद सांभाळले जातात. वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये या इस्पितळांची दप्तरं आहेत. आपल्याकडे जुनी इमारत रिकामी करताना कपाटांतल्या कागदांचा विचार सगळ्यात शेवटी होतो, हे मला सलतं आणि मी ते बोलणार.

आता ते "बंद करून टाकली". आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी १९६१ साली ही अवाढव्य इस्पितळं मोडीत काढायची घोषणा केली. तेव्हा दीड लाखाच्या आसपास खाटा होत्या. प्रत्यक्षात बहुतेक इस्पितळं बंद व्हायला ऐंशी-नव्वदचं दशक उजाडलं. लंडनच्या फ्रायर्न आणि क्लेबरी इस्पितळांतून बाहेर पडलेल्या रुग्णांची संशोधकांनी पाच वर्षं विचारपूस ठेवली. बहुतेकांना परत जायचं नव्हतं, रस्त्यावर आलेले फारच थोडे. कारण त्यांच्यासाठी आधी घरं होती, घरांत सांभाळणारी माणसं होती, आणि त्यासाठी पैसा बाजूला काढलेला होता. फ्रायर्नमधले आजचे आलिशान फ्लॅट नंतरचे.

आपल्याकडे कायदा तरी हेच सांगतो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार केवळ घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्यासाठी कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. पण बाहेर ठेवायचं कुठे? रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांना आधाराने राहता येईल अशी अर्धवाटेची घरं (हाफवे होम) अजून तेवढी उभी राहिलेली नाहीत. ग्रुपवर जमिनीचा भाव सगळ्यांना तोंडपाठ होता, हा प्रश्न एकालाही सुचला नाही.

"तिकडे बसून शिकवू नकोस," हे उत्तर आलंच. ते मला लागलं. मी ठाण्याची. दादरला कोणाच्या लग्नात गेलं की "ठाण्याहून सोडलं वाटतं?" ऐकतच मोठी झाले. त्या भिंतीवरून आमची चेष्टा व्हायची, म्हणून ती भिंत मला माझी वाटते. एप्सममधल्या मेलेल्या माणसांबद्दल मी कौन्सिलच्या बैठकीत बोलले तर लोक ऐकून घेतात. ठाण्यातल्या जिवंत माणसांबद्दल बोलले की माझी माणसं म्हणतात, तू गेलीस ना. इथे माझं मत मोजतात, पण माझं मन सकाळी पहिल्यांदा ठाण्याच्या बातम्या उघडतं. मला कुठली म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

माझं मागणं मोठं नाही. पाडकाम पुढे जाण्याआधी १९०१पासूनच्या जेवढ्या नोंदवह्या उरल्या असतील तेवढ्या पुराभिलेखागारात जाऊ द्या. तिथे मेलेल्यांना कुठे पुरलं, कुठे जाळलं, ते लिहून ठेवा. आणि आत्ता तिथे असलेल्या ज्या माणसांना घर नाही, त्यांची घरं स्टेशनच्या त्याच अंदाजपत्रकाइतक्या गांभीर्याने मंजूर करा. मामेभावाला मी हेच लिहिलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.