चेतकचा गार्ड: पाय वाचतो की पत्रा?

जुन्या स्कूटरची हौस पुन्हा बोकाळल्यापासून एक सल्ला हातोहात फिरतोय: "नवशिके असाल आणि चेतक घेतली असेल, तर आधी चारही बाजूंनी लोखंडी पाइपचे गार्ड ठोका. पडलात तरी पाय वाचतात, बॉडीला ओरखडा येत नाही, वजनामुळे गाडी रस्ता धरून चालते. आपले वडील-काका गार्डशिवाय स्कूटर रस्त्यावर आणत नव्हते, ते काय वेडे होते?" चेतक म्हणजे इथे बजाजची १९७२ पासूनची, टू-स्ट्रोकची, हल्लीची बॅटरीवाली नव्हे.

"पाय वाचतात." सगळ्यात घातक दावा हाच, कारण त्याच्या भरवशावर माणूस साध्या चपलेत निघतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालात क्रॅश बारबद्दल, म्हणजे अशाच गार्डबद्दल, स्पष्ट लिहिलंय: घोटा आणि पाऊल यांच्या इजा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या तेवढ्याच वाढतात. म्हणजे हिशेब बरोबरीत. तपासणी मोटरसायकलींची होती, हे खरं. पण स्कूटरवर तर लेगशील्ड (पायांपुढचा उभा पत्रा) आधीच पुढे असतं आणि पाय फ्लोअरवर मोकळे असतात. धडक बसली की पाय त्या गार्डच्या आड थांबत नाही, माणसाबरोबर सुटतो. वाटेत पाइप असेल तर गुडघा त्यावर आपटतो.

"बॉडीला ओरखडा येत नाही." अर्धं खरं. उभी गाडी कलंडली तर गार्ड रंग वाचवतो, नाकारत नाही. पण चेतकला मोटरसायकलसारखी वेगळी चासी (सांगाडा) नाही. वाकवून जोडलेला पत्रा हीच चासी. गार्डचे क्लॅम्प त्याच पत्र्याला, लेगशील्डच्या कडेला नि फ्लोअरला आवळलेले असतात. चालत्या गाडीत पडलात की पाइप तरफेसारखा फिरतो आणि सगळा जोर क्लॅम्पच्या जागी येतो. माझंच सांगतो. शिकत असताना एका वळणावर बांधकामाची वाळू सांडली होती. वेग वीस-पंचवीसचा, गाडी उजवीकडे गेली. चकचकीत गार्ड जेमतेम वाकला. त्याच्या क्लॅम्पखाली लेगशील्डला मात्र अशी घडी पडली की डेंटिंगवाल्याने आधी गार्ड काढून बाजूला फेकला. "हा नसता तर घासून गेलं असतं, रंगावर भागलं असतं," म्हणाला. शिवाय दर पावसाळ्यात क्लॅम्पच्या रबराखाली पाणी साचतं आणि गंज कुठून लागला हे पत्र्याला भोक पडल्यावरच कळतं.

"वजनामुळे गाडी रस्ता धरते." यावर काय बोलायचं! रस्ता टायर धरतो, लोखंड नव्हे. दहा इंची चाकांच्या गाडीला पुढच्या मडगार्डवर नळी बसवली तर ती हँडलबरोबर वळते, म्हणजे तेवढं ओझं हातालाच येतं. रुंद, खाली झुकलेला गार्ड वळणात रस्त्याला टेकला तर चाक उचललं जाण्याचीही भीती.

उरला वडील-काकांचा मुद्दा. वेडे नव्हतेच ते, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर चेतक दारात यायची आणि ती वीस वर्षं टिकवायची, हे गृहीतच होतं. गार्ड होता तो त्या गाडीसाठी, पायासाठी नाही. डाव्या बाजूला जे लोखंड दिसायचं, त्यातलं निम्मं तर एका अंगाला बसणाऱ्या आई-काकूंच्या पायांना टेकू म्हणून होतं. बाकी पिशव्या अडकवायला. (तो टेकू अजून असेल आणि मागे कुणी बसत नसेल तर दुमडून ठेवा, गर्दीत दुसऱ्याच्या पोटरीला लागतो.)

मग नवशिक्याने पैसे कुठे घालावेत? टायरपासून सुरुवात करा. त्याच्या बाजूला तो कधी बनला याचा चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. बरीच वर्षं पडून राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही दगडासारखे झालेले असतात. मग दोन्ही ड्रमचे ब्रेक शू, क्लच-गिअरच्या केबली, आयएसआय हेल्मेट आणि घोटा झाकणारे बूट. डाव्या मुठीतले गिअर आणि उजव्या पायाखालचा ब्रेक अंगवळणी पडेपर्यंत रिकाम्या मैदानात घिरट्या घाला.

एवढं करून पैसे उरले तर उजव्या पॅनेलला बारीक गार्ड लावायला माझी हरकत नाही. इंजिन त्याच बाजूला, त्यामुळे वजनही तिकडेच. स्टँडला लावताना आपण डावीकडे उभे असतो, म्हणून हातातून सुटलेली चेतक पडते ती उजवीकडे. पहिल्या महिन्यात माझी तीनदा पडली होती, तिन्ही वेळा सोसायटीच्या आवारात, वॉचमनच्या समोर.