बाबांना ‘ही’ कसं म्हणायचं?

मागच्या आठवड्यात सहावीच्या वह्या तपासत होते. ‘माय फादर’ या विषयावर पाच ओळी लिहायच्या होत्या. एका मुलाने लिहिलं होतं, ‘माय फादर आर अ फार्मर. दे गो टू द फील्ड.’ मी लाल पेनाने ‘दे’ खोडून ‘ही’ केलं आणि वही परत दिली. मुलगा जागेवर गेलाच नाही. टेबलापाशी उभा राहून म्हणाला, “मॅडम, पण बाबांना ‘ही’ कसं म्हणायचं? ते मोठे आहेत ना?”

मी त्याची वही परत मागून घेतली. मागच्या पानावर ‘माय मदर’ होतं, आणि ते बिनचूक होतं. ‘माय मदर इज’, ‘शी कुक्स’, सगळं जागच्या जागी. कारण उघड आहे. आपल्या घरात बाबा ‘येतात’ आणि आई ‘येते’. बाबा ‘ते’, आई ‘ती’. पोराने आपली मराठी जशीच्या तशी इंग्रजीत नेली होती. नियम त्याला पक्का माहीत होता, फक्त तो दुसऱ्या भाषेचा होता.

एकोणीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते आहे आणि इतकी वर्षं असल्या वाक्यांवर नुसती लाल रेघ मारत आले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपण प्रोनाउन शिकवतो म्हणजे काय करतो? फळ्यावर प्रकार लिहितो. पर्सनल, पझेसिव्ह, रिफ्लेक्झिव्ह, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, रिलेटिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इनडेफिनिट. प्रत्येकापुढे दोन-दोन शब्द. मुलं पाठ करतात, परीक्षेत अधोरेखित शब्दाचा प्रकार ओळखतात, गुण मिळतात. त्याच मुलांना मराठीच्या तासाला मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः ही नऊ मूळ सर्वनामं आणि त्यांचे सहा प्रकार शिकवलेले असतात. पण हे दोन तास एकमेकांशी कधी बोलतच नाहीत. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी मुलाच्या मराठीचा हात धरून सर्वनाम शिकवणारं पान मला हवं तेव्हा सापडत नाही.

आणि अडखळायच्या जागा तर नेमक्या मराठीतूनच येतात. इंग्रजीतला ‘मी’ घ्या. कानाला तो आपल्या ‘मी’सारखाच लागतो, पण त्याचा अर्थ ‘मला’. म्हणून पहिलीतलं पोर ‘मी गो’ म्हणतं. त्यात भर म्हणजे आपण ‘मला आंबा आवडतो’ म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘आय लाइक’. तिथे आवडणाऱ्या माणसाला कर्त्याच्या जागी बसवावं लागतं. ‘ही’चंही तसंच. आपली ‘ही’ मुलगी असते, त्यांचा ‘ही’ मुलगा. हे दोन शब्द समोरासमोर ठेवून दाखवले की मुलं हसतात आणि पुन्हा सहसा चुकत नाहीत.

‘हे पुस्तक माझं आहे’ आणि ‘हे माझं पुस्तक आहे’ यात आपला ‘माझं’ बदलत नाही. मग मूल ‘धिस बुक इज माय’ लिहिणारच. नाम पुढे असेल तर ‘माय’, एकटं उभं राहायचं असेल तर ‘माइन’. तसंच युअर-युअर्स, हर-हर्स, अवर-अवर्स, देअर-देअर्स. ‘हिज’ दोन्हीकडे ‘हिज’च. पंखा ‘तो’ आणि खुर्ची ‘ती’ असल्यामुळे वस्तूंना ‘ही’, ‘शी’ लागतं, तिथे ‘इट’ सांगावं लागतं.

या ‘इट’वर मी आता पूर्ण तास घालवते. आपण नुसतं ‘जातोस’ म्हटलं तरी ‘तू’ हे क्रियापदाच्या शेपटावरून कळतं. इंग्रजीतलं ‘गो’ मुकं आहे. आय, यू, वी, दे, सगळ्यांना तेच. म्हणून तिथे कर्ता गाळून चालत नाही, आणि कर्ता नसेल तर जागा भरायला ‘इट’ बसवतात. ‘पाऊस पडतोय’ला ‘इट इज रेनिंग’, ‘उशीर झाला’ला ‘इट इज लेट’. हे कारण सांगितलं नाही तर ते ‘इट’ कुठून आलं हे मुलांना कोडंच राहतं.

‘जो मुलगा आला तो माझा भाऊ’ यातला ‘तो’ही सुटता सुटत नाही. ‘द बॉय हू केम ही इज माय ब्रदर.’ इंग्रजीत ‘हू’ आला की ‘ही’ला रजा.

‘मायसेल्फ अमुक तमुक’ अशी ओळख करून देणाऱ्याला लोक हसतात. मला ते हसणं अजिबात आवडत नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नसतं की ‘मायसेल्फ’ला वाक्यात ‘आय’चा आधार लागतो. ‘आय हर्ट मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतःला लागवून घेतलं. ‘आय कुक्ड इट मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतः रांधलं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि मराठी दरवेळी अडथळाच असते असंही नाही. ‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’ यातला फरक, ऐकणारा बरोबर आहे की नाही हा, इंग्रजी ‘वी’ला दाखवताच येत नाही. ‘रमेशने सुरेशला आपली वही दिली’ म्हटलं की वही रमेशची. इंग्रजीत ‘हिज’ म्हटल्यावर वही कुणाची ते संदर्भावर सोडावं लागतं. ‘कोणीतरी छत्री विसरलं’ असं आपण नपुंसकलिंगात सहज म्हणतो, तिथे इंग्रजीला एकाच माणसासाठी ‘दे’, ‘देअर’ वापरावं लागतं, आणि ही रीत १४व्या शतकापासूनची आहे. आपली भाषा इथे जास्त नेमकी आहे हे कळतं तेव्हा मराठी माध्यमातल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यांना हे क्वचितच कुणी सांगितलेलं असतं.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं? सांगितलं की इंग्रजीत ‘ही’ म्हणण्यात अपमान नाही, कारण तिथे ‘तो’ आणि ‘ते’ असे मानाचे दोन शब्दच नाहीत. मग ‘यू’ची गोष्ट सांगितली. पूर्वी इंग्रजीत एकट्याला ‘दाऊ’ म्हणत, म्हणजे आपलं ‘तू’. ‘यू’ हे अनेकांसाठी होतं आणि मोठ्यांना मानाने म्हणायचं, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. हळूहळू सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणू लागले आणि १७व्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ गेलाच. म्हणून तर एकट्या माणसालाही ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ते लोक मलापण तुम्हीच म्हणणार?”

“हो,” मी म्हटलं, “तुलापण.”

त्याने वही घेतली, ‘दे’ स्वतःच्या हाताने खोडला आणि वर नीट अक्षरात ‘ही’ लिहिलं.