पिंपळ शंभर टक्के, वड ऐंशी टक्के : पण कशाचे?

सोलापुरात पारा चव्वेचाळीसकडे सरकला की तो मेसेज येतोच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा : सरकारने वड, पिंपळ, कडुलिंब लावणं बंद केलं. पिंपळ कार्बन डायऑक्साइड 100 टक्के शोषतो, वड 80, कडुलिंब 75. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. परदेशी झाडांनी जमीन कोरडी केली, म्हणून ऊन वाढलं. तर दर 500 मीटरवर पिंपळ लावा.

पाठवणाऱ्या काकांचा हेतू चांगला आहे, म्हणून ग्रुपवर गप्प बसलो. इथे बोलतो.

टक्के. शंभर टक्के म्हणजे कशाचे? हवेत कार्बन डायऑक्साइड मुळात 0.04 टक्क्यांच्या आसपास. झाड किती घेतं हे त्याचं वय, पानांचा पसारा, पाणी आणि ऊन यांवर ठरतं. जातीच्या नावापुढे चिकटवलेला आकडा नसतो. शिवाय सोलापूरच्या हवेचं दुखणं वेगळंच आहे. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या शहराचं नाव आलं ते धुलिकणांमुळे.

रात्रीचा ऑक्सिजन. पान पाण्याचा रेणू फोडतं तेव्हा ऑक्सिजन सुटतो, आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. कोरफड, निवडुंग रात्री पाना-खोडावरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, तेही पाणी वाचवायला. ऑक्सिजन मात्र दिवसाच सोडतात.

सरकारने बंद केलं. वनखात्याच्या रोपवाटिकेत जाऊन या. कडुलिंब मिळतो, वड-पिंपळही मिळतात.

परदेशी झाडं. इथे अर्धं खरं आहे. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणात निलगिरी, सुबाभूळ भरमसाट लावली, आणि कमी पावसाच्या मुलखात निलगिरीच्या रांगा लावण्याला आक्षेप घेणारे चुकीचे नव्हते. पण शहरातला उन्हाळा निलगिरीच्या माथी मारता येत नाही. डांबर, सिमेंट आणि पत्र्यांकडे कोण बघणार?

आणि 'परदेशी म्हणून वाईट' हे सोलापूरकराने तरी म्हणू नये. आपली शेंगाचटणी घ्या. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. दोन्ही समुद्रापलीकडून आले ते गेल्या पाचेकशे वर्षांत. आमटीतल्या चिंचेचं मूळ आफ्रिकेत, डाळिंबाचं इराणकडे. बरं, कडक भाकरी तरी आपली? ज्वारीसुद्धा आफ्रिकेतून आली, फक्त हजारो वर्षांपूर्वी. मग इथल्या काळ्या रानात, थंडीच्या दवावर पिढ्यान्‌पिढ्या बी राखून शेतकऱ्यांनी तिच्यातून मालदांडी ही इथली जात घडवली. त्यातूनच मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात एम 35-1 हा वाण निवडला गेला. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मूळ गाव कुणी विचारलं नाही. उलट वेडी बाभूळही बाहेरचीच, पण ती गायरानं गिळते. तेव्हा पासपोर्ट बघू नका. ते झाड इथे काय करतंय ते बघा.

दर 500 मीटरवर पिंपळ. मला सर्वांत जास्त भीती याच ओळीची वाटते, कारण ती अमलात येऊ शकते. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ बघा. 1979 पासून ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळढोकाला उघडं रान लागतं. झाडांची दाटी झाली की तो तिथे टिकत नाही. काळविटांनाही तेच गवत हवं, धनगरांच्या मेंढ्यांनाही. पवन्या, कुसळी या गवतांचा तो माळ म्हणजे 'पडीक जागा' नव्हे. पण हातात रोप आणि डोक्यात आकडा असला की खड्डे तिथेच पडतात.

गावाच्या पारावर, मैदानाच्या कडेला पिंपळ जरूर लावा. सावलीसारखी दुसरी गोष्ट नाही आपल्याकडे. फक्त ड्रेनेजच्या लाइनीवर नको. आमच्याच टाकीच्या भेगेत पक्ष्याच्या विष्ठेतून एक उगवला. उपटायला कुणी धजेना, मुंज्याची भीती! शेवटी वॉचमनमामांनी नारळ फोडला, हात जोडले आणि रोप मुळासकट काढून मागच्या मोकळ्या जागेत लावलं. त्याला आता रोज पाणी तेच काका घालतात. मेसेजही तेच पाठवतात.