सुतळीच्या कड्यातला माळ

सोलापुरातल्या एका शाळेने सातवीच्या मुलांना एका सकाळी नान्नजच्या माळावर नेले, त्यांना गप्प बसून पाहायला-ऐकायला लावले आणि परतल्यावर निबंध लिहून घेतला, एवढ्यावरून आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर चार दिवस वाद पेटला आहे. ‘निबंध वर्गात लिहिता येत नाही का?’, ‘पोरांना उन्हात कशाला न्यायचे?’ इथपासून ‘ही सगळी फॉरेनची थेरं’ इथपर्यंत मजल गेली, आणि हा शेवटचा टोला कोणाला होता हे न कळण्याइतकी मी स्कॉटलंडमधल्या डंडीत राहून बधिर झालेली नाही.

इथे माझ्या मुलीचा पी-फोरचा, म्हणजे प्राथमिक चौथीचा, वर्ग दर मंगळवारी टेम्पलटन वुड्समध्ये जातो, आणि पावसातही जातो, कारण पाऊस थांबायची वाट पाहायची तर शाळाच उघडायला नको. बाई प्रत्येकाला हातभर सुतळी देतात. तिचे गवतावर कडे करायचे, दहा मिनिटे त्या कड्यातच पाहायचे आणि वहीत फक्त सुटे शब्द टिपायचे: काय दिसले, कशाचा वास आला, हाताला कसे लागले. वाक्ये दुसऱ्या दिवशी, वर्गात. खारीने कुरतडलेले पाइनचे फळ दाणे खाऊन टाकलेल्या कणसासारखे दिसते, असे मुलीने परवा लिहिले. ही उपमा कुठल्या गाइडात सापडेल?

मी सातवीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिताना धरतीला हिरवा शालू नेसवला, ओढे खळखळवले आणि दहापैकी नऊ गुण मिळवले. त्याच पावसाळ्यात मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहत होते. ती रांग निबंधात चालते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

थेरं म्हणणाऱ्यांनी आपलेच २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पाहावे. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकू द्यावे, असे त्यात म्हटले आहे. उन्हाचा मुद्दा तेवढा खरा, पण जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आगेमागे, हुरड्याच्या दिवसांत, माळावर सकाळी स्वेटर लागतो.

इथे पंचवीस मुलांमागे तीन मोठी माणसे असतात आणि सोलापुरात साठांमागे एकच बाई, हे मात्र मी ग्रुपवर सोयीस्करपणे लिहिले नाही. आणखीही एक गोष्ट लिहिली नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, पण सोलापुरात वाढूनही मी तिथे कधी गेले नव्हते. गेल्या जानेवारीत हुरड्याला गेलो, तेव्हा मुलीने खिशातली सुतळी काढून बांधावर कडे केले आणि विचारले, ‘आई, या गवताला काय म्हणतात?’ पायमोज्यांत रुतणाऱ्या कुसळांपलीकडे मला काही सांगता येईना. शेतावरच्या काकांनी पवन्या, मारवेल, कुंदा, हरळी अशी नावे सांगितली. तिने ती रोमन लिपीत उतरवून घेतली, आणि रात्री मी ती तिच्या वहीतून, अडखळत, वाचली.