‘तीन वर्षांत मिळतं’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, कमेंटचा राग वगैरे आला नाही, पण दोन ओळीत भागणार नाही म्हणून जरा ऐसपैस लिहिते. तुमचं म्हणणं असं की नवरा ब्रिटिश नागरिक असेल तर बायकोला तीन वर्षांत नागरिकत्व मिळतं, सरकारी साइटवर ढळढळीत लिहिलंय, तरी मी "साडेपाच-सहा वर्षं धरून चाला" लिहून नव्या सुनांना घाबरवतेय, आणि तुमच्या मावशीला तर सत्तरच्या दशकात लग्न झाल्याझाल्या मिळालं होतं. वर टोमणा, की भारताचं नागरिकत्व सोडायची एवढी घाई कशाला.

तीन वर्षं लिहिलंय हे खरंच आहे हो, पण त्याच पानावर अजून एक अट आहे ती वाचा की! अर्ज करताना हातात आयएलआर किंवा सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी, पाहिजे. आता पुण्याहून स्पाउस व्हिसावर आलेल्या मुलीला आयएलआर मिळतो कधी? पहिला व्हिसा 33 महिन्यांचा, मग एक्स्टेन्शन 30 महिन्यांचं, आणि पाच वर्षं होत आली की आयएलआरचा अर्ज, म्हणजे तुमची ती तीन वर्षं कधीच मागे पडलेली असतात. लग्नाचा तिला फायदा एवढाच की बाकीच्यांना आयएलआरनंतर अजून वर्षभर थांबावं लागतं, तिला नाही, आज आयएलआर आला तर उद्या फॉर्म भरू शकते. त्यापुढे निकालाला सहा महिने लागू शकतात. बेरीज तुम्हीच करा.

तीन वर्षांचा नियम खरा उपयोगी पडतो तो आयटीवाल्या जोडप्यांना. नवरा आधी आला, बायको डिपेंडंट म्हणून, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर, दोन वर्षांनी, तो आधी नागरिक झाला आणि तिचा आयएलआर नंतर आला, की तिला थांबायला नको. शिवाय मोजायची ती शेवटची तीनच वर्षं, त्यात देशाबाहेर 270 दिवसांपेक्षा जास्त नको आणि शेवटच्या 12 महिन्यांत 90 पेक्षा जास्त नको, त्यामुळे सुरुवातीच्या काळात कोणी बाळंतपणाला वगैरे माहेरी जाऊन राहिली असेल तर ते दिवस त्या हिशोबात येतच नाहीत. पण इथेच लोक गंडतात! नवऱ्याकडे नुसता आयएलआर असेल तर चालत नाही, आणि त्याचं अप्रूव्हलचं पत्र आलं म्हणजे तो नागरिक झाला असंही नाही, नागरिकत्वाच्या सेरेमनीत शपथ घेतली की मगच. तिचा फॉर्म त्यानंतर.

दिवस मोजताना पासपोर्टवरचे भारतातले शिक्के समोर घेऊन बसा. निघाल्याचा आणि परत आल्याचा दिवस धरायचा नसतो, मधले पूर्ण दिवस तेवढे. आणि अर्ज पोचतो त्याच्या बरोब्बर तीन वर्षं आधीच्या तारखेला तुम्ही यूकेत असायला हवं, त्या दिवशी नेमके सांगलीला दिवाळीला असाल तर अर्जाची तारीख पुढे ढकला. हे एवढं घोकून सांगते कारण 2025 च्या एप्रिलमध्ये फी 1,735 पाउंड झाली होती आणि नकार आला तर त्यातले सेरेमनीचे 130 तेवढे परत येतात, बाकीचे गेले.

मावशींचं म्हणाल तर त्या खोटं बोलत नाहीयेत. तेव्हा 1948 चा कायदा होता आणि ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला नोंदणीचा हक्कच होता, तिथे राहिल्याची अटसुद्धा नव्हती. नवऱ्यांना मात्र ही सोय नव्हती, म्हणजे मावशी ब्रिटिश आणि काका भारतातले असते तर काका बसले असते वाट बघत. 1 जानेवारी 1983 ला नवा कायदा लागू झाला आणि नंतर लग्न झालेल्यांसाठी हा हक्क संपला. आता जोडीदार असला तरी नागरिकत्व द्यायचं की नाही हे होम ऑफिस, म्हणजे तिथलं गृहखातं, ठरवतं, इंग्रजीचा पुरावा लागतो आणि लाइफ इन द यूकेची परीक्षाही, 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर पाहिजेत. मावशींना यातलं काहीच द्यावं लागलं नाही.

राहिला टोमणा. घाई कोणालाच नसते दादा, आयएलआरवर जन्मभर राहता येतं. फक्त सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की तो जातो, आणि आईवडील थकले की एकेकाला दोन-अडीच वर्षं तिकडेच थांबावं लागतं, तेव्हा काय करायचं? दुसरीकडे भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप गेलं, 1955 च्या कायद्यातलं कलम 9. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येण्या-राहण्याचं कार्ड, मिळतं पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते, म्हणजे गावच्या सातबाऱ्यावर वडिलांमागे नाव लागू शकतं. ज्याने त्याने आपापलं बघावं, मी कोणाला ढकलत नाहीये.

एक सांगायचं राहिलं, सेरेमनीनंतर जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो सरेंडर करायचा, ब्रिटिश पासपोर्ट यायची वाट बघायची, ओसीआय आलं नसेल तर चक्क व्हिसा काढून जायचं. त्यामुळे सेरेमनी ऑगस्टमध्ये असेल तर गणपतीची तिकिटं काढून ठेवू नका.