पंचधातूची मूर्ती घ्यायचीय? डोकं घरी ठेवून या

पंचधातूची मूर्ती घ्यायला निघाला असाल तर डोकं घरी ठेवा. पाकीट तेवढं आठवणीनं घ्या.

पाच धातू कुठले, हे विचारू नका. सोनं, चांदी, तांबं इथपर्यंत दुकानदार ठणकावून सांगेल. पुढे जस्त की कथील, लोखंड की शिसं, हे त्याच्या त्या दिवशीच्या लहरीवर.

'लोहचुंबक चिकटतंय बघा, म्हणजे लोखंड आलंच!' म्हणाला की मान डोलवा. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात आणि जस्त ९०७ लाच उकळतं, मग दोन्ही एकत्र ओतणार कसे, असली शाळेतली भानगड काढू नका. आत सगळंच लोखंड आणि वर पितळी मुलामा असेल, असा संशयही नको. पाप लागतं.

पंचधातूच्या अंगठीनं बोट हिरवं पडलं? अभिनंदन, साडेसाती बाहेर पडतेय. (तांब्याला घाम लागला की हिरवं होतंच, पण त्यात काय मजा!)

हिशेब तर चुकूनही करू नका. परवा मी केला. किलोभराचा बाळकृष्ण, किंमत अडीच हजार. "सोनं नुसतं नावाला नाही हो, चांगलं एक टक्का आहे." एक टक्का म्हणजे दहा ग्रॅम. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलाय. म्हणजे हा सद्गृहस्थ लाखाचं सोनं मला अडीच हजारांत देत होता, वर चांदी, तांबं आणि साक्षात कृष्ण फुकट! म्हटलं, बिलावर तेवढं 'सोनं एक टक्का' लिहा. तर म्हणे, "देवाच्या वस्तूचं असं लिहीत नाहीत." आणि लिहिलं काय? 'ब्रास आर्टिकल'. देवाला चालत नाही, जीएसटीला चालतं!

तिकडे तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामीमलैला स्थपती, म्हणजे परंपरागत मूर्तिकार, मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर कावेरीची माती लिंपून ओतकाम करतात. सोनं टाकलंच तर चिमूटभर. चोळांच्या काळातल्या मूर्ती तपासल्या तेव्हाही मुख्यतः तांबं, कथील नि शिसंच निघालं. बिघडलं काय त्यांचं?

अहो, पितळेचे देव घरोघरी आहेत, पितळ विकताय तर पितळ म्हणा ना! सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला, पंचधातूला तसलं काही नाही, म्हणून देवाला पुढे करून थापा मारता? लाज वाटू द्या जरा. आणि मागून 'घ्या हो काका, देवाच्या कामात कसली चौकशी' म्हणणारे तुम्ही, तुमच्याच जिवावर हे धंदे चालतात. आधी खिशातलं स्वतःचं बिल काढून वाचा.