तंबू शेवटी, बूट आधी

तीन दिवसांच्या ट्रेकला काय सामान घ्यावं यावरचा एक लेख वाचला. त्यातल्या यादीत लेखकाने तंबू पहिला आणि बूट पाचवे टाकलेत, तिथंच माझं अडलं. सह्याद्रीत रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड असा ट्रेक करायचा तर दोन्ही गडांवर गुहा आहेत. शनिवारच्या गर्दीत जागा नाही मिळाली तर हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांकडे तंबू भाड्याने मिळतो. तंबू विकत घ्यायचे पैसे बुटांत घाला. महागडेच हवेत असं नाही, आपले अ‍ॅक्शन ट्रेकिंग किंवा हंटर असे स्वस्तातले बूटही कातळावर मस्त पकड घेतात. फक्त नवे कोरे घालून निघू नका.

सॅक मी रस्त्यावरून स्वस्तात उचलली होती. कात्राबाईच्या खिंडीत खांद्याचा पट्टा मुळापासून उसवला, उरलेली वाट सुतळीने बांधून काढली. आता कुठलीही सॅक घेतली की आधी मोच्याकडे नेऊन पट्ट्यांना दुहेरी शिलाई मारून घेतो. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घातली की रेनकव्हरचे पैसे वाचतात, कपडेही कोरडे राहतात.

गोधडीचा मोह मात्र आवरा. डिसेंबरात ऊब झकास, पण चढावर तिचं वजन जीव काढतं! स्लीपिंग बॅग मित्राकडून मागा, खाली फॉइलची मॅट पुरते.